गप्प मेंबराची भाषणं

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटू नये अशीच गोष्ट आहे. निजामाच्या राज्यात आमच्या हिंगोलीचा एक माणूस चौदा वर्षं हैदराबादच्या कायदेमंडळात मेंबर होता, आणि त्या चौदा वर्षांत तिथं त्यानं तोंड उघडलं ते फक्त जांभई द्यायला. तरी हिंगोलीपासून सेनगावापर्यंत आणि तिथून थेट पैनगंगेच्या काठापर्यंत त्याची भाषणं लोकांना तोंडपाठ होती. गुराखी म्हशीच्या पाठीवर बसून ती भाषणं म्हणायचे आणि म्हशी रवंथ थांबवून ऐकायच्या. म्हशीचं सोडा, पण भाषणांचं खोटं नाही.

ती भाषणं रचायचा खाजा मिया.

हिंगोलीच्या बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान होतं. लाखेच्या बांगड्या, अत्तर, सुरमा, शिवाय तांड्यावरच्या बंजारा बायका घागऱ्याला टाचतात त्या कवड्या आणि आरशाचे तुकडे. माल हैदराबादेहून यायचा. विष्णुपंत वकील आणि तो एकाच गल्लीत वाढले, एकाच मौलवीची छडी खाऊन उर्दू शिकले. त्यामुळे पंत मेंबर होऊन निघाले तसा मालाच्या निमित्तानं खाजा मियाही त्यांच्याच डब्यात चढला. पंतांची शेरवानी त्यानंच शिवून घेतली होती. डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस म्हणतात तो दरबारी पट्टा बांधून पंत उभे राहिले, तेव्हा खाजा मिया मागं सरून बघत म्हणाला, "पंत, असे दिसून राहिले ना तुमी, की बोललाच न्हाईत तरी चालतंय."

पंत हसले. दोघंही हसले. असलं बोलणं तोंडातून जाऊ देऊ नये, ते कुठंतरी बसून ऐकणारं कुणी असतंच.

त्या पहिल्या खेपेला पंतांना वेठीवर बोलायचं होतं. वेठ म्हणजे काय हे ज्याच्या मानेनं वाहिली त्यालाच ठाऊक. गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, दौऱ्यावर आला की तांड्यावरची माणसं धरायची, त्याचा तंबू, त्याच्या पेट्या, त्याचा हुक्कासुद्धा पुढच्या गावापर्यंत फुकट वाहायला लावायचा. पेरणीचे दिवस असोत नाहीतर घरात मयत असो. पंतांनी भाषण असं घोटलं होतं की पूर्णेपासून हैदराबादेपर्यंत डब्यातल्या सगळ्यांना पाठ झालं.

खाजा मियानं चपराशाला अत्तराची कुपी देऊन दारात जागा मिळवली. आत नवाब, जागीरदार, बडे बडे हाकीम. पंतांचं नाव पुकारलं. पंत उठले. दस्तार एकदा सारखी केली. अध्यक्षांनी मान पुढं केली, चिटणिसानं लेखणी शाईत बुडवली. पंत तसेच उभे. मग दस्तार पुन्हा एकदा सारखी केली आणि ते खाली बसले. चिटणिसाला वाटलं, मेंबर सरकारशी सहमत आहेत. त्यानं पुढचं काम पुकारलं. दारातून खाजा मियाला पंतांचे फक्त कान दिसत होते. ते लाखेसारखे लाल झाले होते.

परतीच्या वाटेवर पंतांनी दस्तार काढून पेटीत ठेवली. हिंगोलीच्या फलाटावर उतरले तर समोर हलगी, हार आणि माणसं. सगळ्यांच्या पुढं भावसिंग नाईक, आपला अख्खा तांडा घेऊन आलेला. पैनगंगेच्या काठावरनं बैलगाडीत आला होता बिचारा.

"साहेब, आमच्या वेठीचं काय बोलले तिथं?"

पंतांचा चेहरा राखेसारखा झाला. आणि हे मात्र अगदी खरं, खाजा मियाला ते बघवलं नाही. तो हमालाला बाजूला सारून पुढं झाला.

"काय बोलले म्हणून काय इचारता नाईक? असं बोलले की शाई वाळली तिथली! म्हणाले, हुजूर, माणसाच्या पाठीवर फुकटचं ओझं टाकायचं असंल तर आधी या सभागृहातल्या पाठी मोजून घ्या. हितं गाद्या-तक्क्यांना टेकलेल्या लई पाठी रिकाम्या दिसून राहिल्या."

 मग हलगी जी वाजली ती गाडी पुढं निघाली तरी वाजतच राहिली.

आता गंमत अशी, की फलाटावर एक गिरदावरही उभा होता. त्यानंही ऐकलं. पुढच्या दौऱ्याला तो भावसिंगाच्या तांड्यावर आला तेव्हा सामानाची गाडी स्वतःची घेऊन आला, आणि कोंबडी मागायच्या आधी भाव विचारला. तांड्यावर त्या दिवशी गोड केलं. पंतांनी ते ऐकलं आणि खाजा मियाला एवढंच विचारलं, "खाजा, हे बरं झालं की वाईट?"

"कोंबडी वाचली ना पंत? मग बरं झालं."

तिथून पुढं रीतच पडली. हैदराबादला जायचं, पंतांनी गप्प बसून यायचं, आणि पूर्णेला गाडी बदलली की दोघांनी भाषणाला बसायचं. कायद्याचं कलम पंतांचं, मीठमसाला खाजा मियाचा. वसमत मागं पडेपर्यंत भाषण पक्कं व्हायचं. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर सांगायचा खाजा मिया, आणि पंत शेजारी खांबाला टेकून, माणूस स्वतःची स्तुती ऐकताना खाली बघतो तसे, खाली बघत बसायचे. कुणी विचारलंच तर मान हलवायचे. खाजा मियाचा एक दंडक होता. थाप खऱ्याच्या वीतभरच पुढं चालवावी. हातभर गेली की लोक वळून बघतात.

भाषणं इतकी चालली की तालुक्याचे अधिकारी पंतांना वचकून राहू लागले. निघून गेलेला मास्तर शाळेत परत आला. तांड्याच्या विहिरीला हुकूम सुटला. आणि तिकडं हैदराबादेत पंतांचं नाव दर खेपेला पुन्हा मेंबर म्हणून लागायचं, कारण न बोलणारा मेंबर म्हणजे पोळ्याचा बैल. झूल घालायला बरा, शिंग मारायची भीती नाही. इकडं बोलका म्हणून मान, तिकडं मुका म्हणून मान. असा मेंबर दुसरा झाला नाही.

पंतांचे केस पिकले. खाजा मियाची दाढी मेंदीनं लाल झाली.

सन अठ्ठेचाळीसच्या श्रावणात मात्र हवा फिरली. देश स्वतंत्र झालेला, निजामाचं राज्य अजून तसंच. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात तिरंगा, आणि अलीकडे बंदुका घेऊन फिरणाऱ्या टोळ्या. नदीकाठची कितीतरी गावं चुली विझवून पलीकडे गेली. शेजारच्या गावी पाहुणा म्हणून गेलेला तांड्यावरचा देवला गोळी लागून मेला. देवला म्हणजे भावसिंगाच्या काकीचा, रुख्मिणीबाईचा, एकुलता एक लेक. तरीही भावसिंगाचा तांडा हलला नाही. "मेंबरसाहेब हैदराबादला गेले हायत," भावसिंग म्हणायचा. "त्यायला बोलून येऊ द्या. मंग बघू."

आणि पंत या खेपेला खरंच बोलणार होते. गाडीत त्यांनी काही घोटलं नाही. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "खाजा, या वेळी तुला काही रचावं लागणार नाही."

हैदराबादेत सभागृहाचं दार बंद होतं. पहारेकरी म्हणाला, मजलिस तहकूब, पुढचा हुकूम येईपर्यंत. पंत शेरवानी घालून त्या दारासमोर उन्हात उभे राहिले. घाम दस्तारीतून कानशिलावरून खाली उतरला. शेवटी पहारेकऱ्यालाच दया आली. "वकीलसाब, घर जाव," तो म्हणाला, "इधर कोई नै सुनता अब."

परतताना पूर्णेला दोघं उतरले, गाडी बदलली, पुन्हा बसले. कुणीच काही रचायला घेतलं नाही. हिंगोलीला भावसिंग उभा होता. पंतांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "संध्याकाळी ओट्यावर या, नाईक. सगळ्यांना घेऊन या."

दुपारी खाजा मिया घरी जेवायला बसला तर त्याचा भाचा कय्युम आधीच ताटावर होता. मागच्या सालापर्यंत सायकलींचे पंक्चर काढणारं पोरगं, आता अंगात खाकी, भिंतीला टेकवलेली बंदूक. भाकरी मोडता मोडता तो सहज बोलून गेला, "मामू, नदी के कने का वो तांडा जुम्मे के बाद नै रैता."

तव्यावर खाजा मियाच्या बायकोचा, मदीनाबीचा, हात थांबला. "किसने पूछा तेरे को?" ती म्हणाली.

"पूछा किसी ने नै. बोल रहा हूँ."

खाजा मियानं घास खाली ठेवला. "कय्युम, त्या तांड्यावर तुझ्या मामूनं कवड्या इकल्या. त्या कवड्यांवर तू लहानाचा मोठा झाला."

"मामू, तुम किस्से सुनाव," कय्युम हसला आणि हात धुवायला उठला.

खाजा मिया तसाच उठून पंतांच्या घरी गेला. पंत पडवीत बसले होते, शेरवानी अजून अंगातच. त्यानं सगळं सांगितलं. पंतांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तर मला सांगायलाच हवं," ते म्हणाले. "संध्याकाळी मी स्वतः सांगणार आहे. की मी बोललो, आणि तांड्याच्या केसालाही धक्का लागणार नाही असा शब्द घेऊन आलो. उद्यापर्यंत तालुकदाराच्या कानावर जाईल. आजवर गेलं की नाही? काम झालं की नाही?"

"पंत, तालुकदार भिईल. कय्युम न्हाई भिणार. अवो, तो माझ्याच घरात माझं ऐकत न्हाई!"

"मग काय सांगू त्यांना? श्रावणात लेकरंबाळं घेऊन नदीत उतरा म्हणून? उभी पिकं टाकून? चौदा वर्षं मी त्यांना सांगतोय, इथंच राहा, मी आहे."

"तुमी न्हाई, मी सांगतोय," खाजा मिया म्हणाला.

पंतांनी शेरवानीची वरची गुंडी सोडली. मग हळू आवाजात म्हणाले, "खाजा, एवढी एक खेप मला सांगू दे. दार उघडं असतं तर मी बोललो असतो रे."

 खाजा मिया परत फिरला. बाजारात भावसिंग गाठ पडला तसं त्याला दुकानाच्या मागं, लाखेच्या पोत्यांत नेलं आणि म्हणाला, "नाईक, माझं ऐका. जुम्म्याच्या आत निघा. नदी उतरली हाय, उतारावर कमरेएवढंच पाणी हाय म्हणतात. उद्या पुन्हा चढली तर वाट बंद."

भावसिंग त्याच्या लाल दाढीकडं बघत राहिला.

"खाजा मिया, तुमच्या घरचं पाणी पिलो हाय मी. वाईट वाटून घेऊ नका. पर ज्याचा भाचा बंदूक घेऊन फिरून राहिला, त्याच्या सांगण्यावर मी तांडा उठवू? उद्या आमच्या जमिनीत कोण नांगर घालंल, काय ठाव? आमच्यातले लोक हेच इचारतील मला."

"मंग कोणाचं ऐकताल?"

"मेंबरसाहेबांचं. ते निघा म्हणले तर निघू. राहा म्हणले तर राहू."

खाजा मियानं पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. पंत हैदराबादेत कधी बोललेच नाहीत, असं आता तो म्हणाला असता तर भावसिंगानं ते कशाला धरलं असतं? कय्युमच्या मामाची नवी चाल म्हणून. थाप कशी रचावी हे त्याला कळत होतं. खरं कसं पटवावं याचा त्याला कधी सराव नव्हता.

संध्याकाळी ओटा भरला. तांड्यावरची माणसं खाली मातीत बसली. म्हातारी रुख्मिणीबाई पुढं, गुडघ्यावर हात टेकून. लेक गेल्यापासून तिनं कपाळावरचे, कानावरचे सगळे दागिने काढून ठेवले होते. या वेळी पंत खांबाला टेकले नाहीत, ओट्याच्या कडेला उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता, पण निघत होता.

"मी बोललो," ते म्हणाले. "मी सभागृहात बोललो, की नदीकाठच्या गावांना अभय द्या. आणि मला तसा शब्द मिळाला आहे."

भावसिंगानं मोठा श्वास सोडला. मागं कुणीतरी "देवमाणूस!" म्हणालं. खाजा मियाला दिसलं, बायांच्या खांद्यातला ताण उतरला. एका बाईनं तर बांधून आणलेलं गाठोडं सोडायला घेतलं.

ते गाठोडं सुटायच्या आत तो उभा राहिला.

"एवढंच काय सांगता पंत? मी दारात उभा व्हतो, मी सांगतो! लोकहो, साहेबांनी मेजावर मूठ आपटली ती अशी, की चारमिनारचा एक मिनार तीन बोटं वाकला!"

लोकांनी माना डोलावल्या. खाजा मियाला तर वाटलं होतं, इथं तरी कुणी हसेल. भ्यालेल्या माणसाचा घसा केवढा रुंद होतो हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. मिनार सहज खाली उतरला.

"मिनार वाकला तसा खुद्द निजाम सरकार धावत आले. अनवाणी! पायात जोडा न्हाई! मूसी नदी उलटी वाहाया लागली, मासे पुलावर चढून साहेबांचं भाषण ऐकून राहिले!"

"खाजा," पंत दबल्या आवाजात म्हणाले. "पुरे."

मागच्या रांगेत एक दोघं हसले, पण भावसिंग तसाच, डोळे मोठे करून ऐकत होता. त्याला पटवून घ्यायचंच होतं. आता एकच उरलं होतं, आणि ते बोलायच्या आधी खाजा मियानं रुख्मिणीबाईकडे बघितलं. तिच्याकडून त्याला कवड्यांचे जास्तीचे पैसे कधी काढता आले नव्हते. देवलाच्या लग्नात त्यानं तिला हिरव्या लाखेच्या बांगड्या आहेर म्हणून दिल्या होत्या. या म्हातारीच्या काळजावर पाय दिल्याशिवाय आता वाट नव्हती.

"आन निजाम सरकारनं हुकूम काढला!" तो ओरडला. "आजपासून या तांड्याच्या शिवेत बंदुकीची गोळी शिरली, की तिची ज्वारीची लाही व्हईल! लाही! अंगावर पडंल आन लेकरं येचून खातील! गोळीनं आता कोणी मरत न्हाई हितं!"

 खाजा मिया वळला. "काय पंत? मी खोटं बोलून राहिलो का? असंच झालं ना?"

पंतांनी त्याच्याकडे बघितलं. एकाच मौलवीकडं शिकलेली दोन माणसं, एकमेकांना वाचायला त्यांना अक्षरं लागत नव्हती. पंतांची नजर त्याच्या तोंडावरून समोरच्या लोकांवर गेली, अर्धवट सुटलेल्या गाठोड्यावर गेली. नाही म्हणाले असते तर अभयाचा शब्द तेवढा उरला असता, मानही उरला असता, आणि तांडा नदीच्या अलीकडे राहिला असता. त्यांनी कमरेचा बगलूस चाचपला. मग हात खाली सोडले.

"हो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अगदी असंच झालं. लाही."

रुख्मिणीबाई उठली. उठायला तिला वेळ लागला, पण कुणी हात द्यायला धजलं नाही.

"लाही?" ती म्हणाली. "माझ्या देवलाच्या बरगडीत शिरली ती काय लाही व्हती रे मुडद्या? मी धुतलंय त्याला माझ्या हातानं."

"काकी, बस खाली," भावसिंग म्हणाला.

"न्हाई बसत! ह्यो बांगडीवाला बरळतो ते बरळतो, पर साहेब, तुमी व्हय म्हणले! एवढ्या थोर तोंडानं व्हय म्हणले!" ती ओट्याच्या कडेशी आली आणि मान वर करून पंतांच्या डोळ्यांत बघू लागली. पंतांनी या वेळी खाली बघितलं नाही. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मग तिचा आवाज सगळ्या बाजाराला ऐकू गेला.

"खोटं हाय! आजचं खोटं, आन मागचं समदंबी खोटं! ह्यो माणूस तिथं कवाच बोलला न्हाई! भावसिंगा, गाड्या जुंप!"